‘इतर औषधे’ नावाचा रकाना

(मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना फळ्यावर काढलेल्या आकृत्या इथे शब्दांत आणल्या आहेत.)



संयोजकांनी प्रत्येकाला वीस मिनिटं दिली आहेत आणि अट एकच घातली आहे: आपण जे काम करतो त्यातलं काहीतरी सगळ्यांना कळेल असं सांगायचं. माझ्या आधीच्या मित्राने द्राक्षाच्या छाटणीवर बोलून टाळ्या घेतल्या. माझा विषय तितका गोड नाही. अपस्मार, म्हणजे घरात आपण ज्याला फिट किंवा आकडी म्हणतो तो आजार असलेल्या मुलांना दोन-तीन औषधं एकत्र दिली, की शरीरात त्या औषधांचं एकमेकांमुळे काय होतं, ते मी सांगणार आहे. हा विषय घेतला, कारण आपल्या बॅचमध्ये शिक्षक भरपूर आहेत, मेडिकलची दुकानं चालवणारे निदान दोघे आहेत, आणि आता आजी-आजोबा झालेले तर विचारायलाच नको.

मी डॉक्टर आहे, पण पेशंट तपासत नाही. औषधशास्त्र शिकवते आणि प्रयोगशाळेत रक्तातली औषधाची पातळी मोजते. माझ्याकडे मूल येत नाही. त्याचं दोन मिलिलिटर रक्त येतं आणि सोबत एक कागद. कागदावर रकाने असतात. वय, वजन, कोणतं औषध, किती मात्रा, शेवटचा डोस किती वाजता घेतला, आणि सगळ्यात खाली ‘इतर औषधे’. हा शेवटचा रकाना अनेकदा कोरा असतो. रक्तातला आकडा मी दशांश चिन्हानंतरच्या अंकापर्यंत काढू शकते, पण तो रकाना कोरा असेल तर त्या आकड्याचा अर्थ सांगू शकत नाही. आजचं सगळं बोलणं त्या एका रकान्याबद्दल आहे असं समजा.

आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘विकर’ असा शब्द होता, आठवतो? अन्न पचवणारी विकरं, लाळेतलं विकर वगैरे. कॉलेजात गेल्यावर त्याचं एन्झाइम झालं आणि तो शब्द मागे पडला. यकृतातही विकरं असतात आणि बाहेरून आलेल्या बहुतेक औषधांना ती मोडून, विरघळण्याजोगं करून बाहेर काढतात. यालाच औषधाचा चयापचय म्हणतात. मार्केट यार्डातले हमाल डोळ्यांसमोर आणा. ट्रक येतो, हमाल माल उतरवतात, ट्रक रिकामा होऊन जातो. आपण रोज दोन वेळा गोळी देतो म्हणजे रोज दोन ट्रक पाठवतो. यार्डात किती माल साचून राहील हे नुसत्या ट्रकवर ठरत नाही, हमालांवरही ठरतं. आम्ही मोजतो तो हा साचलेला माल. तो कमी पडला तर फिट येते, फार झाला तर विषबाधा.

मुलांच्या बाबतीत पहिली गंमत इथेच आहे. नवजात बाळाच्या यकृतात हे हमाल फार कमी असतात. पण वर्षभरात ते झपाट्याने वाढतात आणि मग काही वर्षं, वजनाच्या हिशेबाने, मोठ्या माणसापेक्षाही जोरात काम करतात. म्हणून फिनोबार्बिटोन मोठ्याला किलोमागे दिवसाला १ ते ३ मि.ग्रॅ. पुरतं, तर लहान मुलाला साधारण ३ ते ५ लागतं. ‘एवढ्याशा जीवाला एवढी गोळी?’ म्हणून परस्पर अर्धी करणाऱ्या आज्यांनी हे लक्षात ठेवावं. वयात येताना हा जोर मोठ्यांच्या पातळीवर उतरतो, म्हणजे तीच मात्रा काही वर्षांनी जास्त ठरू शकते. मूल हे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे.

आता औषधांकडे येते. फिटवरची जुनी औषधं दोन स्वभावांची आहेत. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही यकृताला जादा हमाल भरती करायला लावणारी. फिनोबार्बिटोन अपस्मारावर १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी वापरलं, फेनिटॉइन १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी. दोन्ही आजही आपल्या सरकारी दवाखान्यांत मिळतात, स्वस्त आहेत आणि उपयोगी आहेत. त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण भरती झालेले हमाल फक्त त्यांचाच माल उतरवत नाहीत. शेजारच्या ट्रकवरही हात मारतात. कार्बामाझेपिन तर स्वतःलाच बाहेर काढणारे हमाल वाढवतं. पहिल्या डोसनंतर ते रक्तात निम्मं व्हायला २५ ते ६५ तास लागतात. काही आठवडे घेतल्यावर तोच वेळ १२ ते १७ तासांवर येतो. म्हणून पहिल्या पंधरवड्यात उत्तम चाललेलं मूल महिन्याने पुन्हा फिट घेऊन येतं आणि घरचे म्हणतात, ‘औषधाची सवय झाली.’ सवय मेंदूला झालेली नसते, यकृताला झालेली असते.

दुसऱ्या स्वभावाचं औषध म्हणजे सोडियम व्हॅलप्रोएट. याची जन्मकथा मजेशीर आहे. हे आम्ल १८८२ पासून माहीत होतं, पण द्रावक म्हणून. १९६२ च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रनोब्लला पिएर आयमार नावाचा संशोधक निरनिराळी संयुगं त्यात विरघळवून तपासत होता. फिट थांबवण्याचा गुण प्रत्येक संयुगात दिसू लागला. शेवटी लक्षात आलं की गुण संयुगांचा नव्हे, द्रावकाचा आहे. १९६७ मध्ये ते फ्रान्समध्ये औषध म्हणून बाजारात आलं. हे व्हॅलप्रोएट हमाल वाढवत नाही. काही हमालांना हाताला धरून बसवून ठेवतं. दुसऱ्या औषधाचा ट्रक मग यार्डात उभाच राहतो.

दोन्ही एकत्र आली की काय होतं यासाठी एक मुलगी घेऊ. तिचं नाव चिमी. ही नाव बदललेली पेशंट नाही, मी वर्गात शिकवण्यासाठी रचलेली आहे. चिमी सहा वर्षांची, १८ किलोची, पहिलीत. फिनोबार्बिटोन चालू आहे, फिट कमी झाल्या पण थांबल्या नाहीत. म्हणून डॉक्टर व्हॅलप्रोएट जोडतात. दोन-तीन आठवड्यांनी चिमी वर्गात बाकावर डोकं टेकून झोपायला लागते. चालताना झोकांड्या जातात. घरचे काय म्हणणार? नवीन औषध जड पडलं, तेच बंद करा. पण झोप आणतंय ते जुनं औषध. त्याच्या मात्रेला कोणी हात लावलेला नाही, तरी व्हॅलप्रोएटने त्याचे हमाल बसवून ठेवल्यामुळे त्याची रक्तातली पातळी तीस ते पन्नास टक्के, कधी त्याहूनही जास्त वाढली आहे. इथे कमी करायचं ते बहुधा फिनोबार्बिटोन. नवीन औषध बंद केलं तर चिमीच्या कागदावर कायमचा शेरा बसतो, ‘व्हॅलप्रोएट सोसत नाही’, आणि तिच्या उपयोगाचं असू शकणारं एक औषध हातचं जातं. त्या शेऱ्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. औषधं मोजकीच आहेत.

यातली उलट बाजूही सांगते, कारण ती जास्त गंभीर आहे. फिनोबार्बिटोनने भरती केलेले हमाल व्हॅलप्रोएटवरही तुटून पडतात. त्याची पातळी घसरते, हे एक. शिवाय काही माल नेहमीच्या वाटेने न जाता आडवाटेने जातो आणि तिथे यकृताला घातक असा एक तुकडा जास्त तयार होतो. अमेरिकेत व्हॅलप्रोएटमुळे यकृत निकामी होऊन झालेल्या मृत्यूंचा अभ्यास फ्रिट्झ ड्रायफस आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. एकटं व्हॅलप्रोएट घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३७,००० मध्ये एक होतं. दोन वर्षांखालील आणि सोबत दुसरी फिटची औषधं घेणाऱ्या मुलांत ते ५०० मध्ये एक निघालं. यातल्या काही मुलांना पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा जन्मजात दोष असतो हे नंतर कळलं. तरीही दोन वर्षांखालच्या बाळाला हे औषध देताना, आणि त्यातही जोडीने देताना, डॉक्टर आज जो विचार करतात तो या आकड्यांमुळे. बाळ अचानक मलूल झालं, उलट्या सुरू झाल्या, खायला नको म्हणू लागलं, थांबलेल्या फिट पुन्हा आल्या, तर काविळीची वाट बघत बसायचं नसतं. त्याच दिवशी दवाखाना.

आता लॅमोट्रिजिन. हे तुलनेने नवं औषध. चिमीच्या वयाच्या मुलांत ते रक्तात निम्मं व्हायला किती वेळ लागतो? सोबत हमाल वाढवणारं औषध असेल तर सुमारे ७ तास. सोबत फक्त व्हॅलप्रोएट असेल तर सुमारे ६५ तास. तेच मूल, तेच वजन, तीच गोळी, आणि फरक नऊपट. म्हणून सुरुवातीची मात्राही वेगळी: व्हॅलप्रोएटसोबत दिवसाला किलोमागे ०.१५ मि.ग्रॅ., वाढवणाऱ्या औषधासोबत ०.६. चिमीसाठी हिशेब केला तर एकीकडे तीन मि.ग्रॅ.पेक्षाही कमी, दुसरीकडे जवळजवळ अकरा. हे औषध घाईने वाढवलं तर अंगावर पुरळ येतं; त्यातलं काही पुरळ कातडी सोलवटून जिवावर बेतणारं असतं. हा धोका मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आणि व्हॅलप्रोएट सोबत असताना जास्त. ‘इतर औषधे’ हा रकाना कोरा ठेवून लॅमोट्रिजिनची मात्रा ठरवताच येत नाही. मला कुणी विचारलं की औषधांची मात्रा वजनावर ठरते ना, तर मी हेच उदाहरण देते.

आणि एक गोष्ट डॉक्टरांच्याही नजरेतून कधी निसटते: औषध काढून घेतानाही हाच खेळ उलटा चालतो. कार्बामाझेपिन बंद केलं, तरी भरती झालेले हमाल दुसऱ्या दिवशी घरी जात नाहीत. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पांगतात. तोवर सोबतच्या दुसऱ्या औषधाची पातळी चढत जाते. औषध कमी केलं आणि त्रास वाढला, असं उफराटं चित्र दिसतं. याउलट अडवणारं औषध परिणाम करायला आठवडे घेत नाही. ते रक्तात पोचलं की दिवसांचीच गोष्ट. म्हणून तारखा महत्त्वाच्या. नुसतं ‘मध्यंतरी बदललं होतं’ एवढं पुरत नाही.

माझ्या प्रयोगशाळेची खरी डोकेदुखी मात्र फेनिटॉइन. त्याचे हमाल मोजकेच असतात. ते सगळे कामाला लागेपर्यंत ठीक. त्यानंतर एक ट्रक जास्त आला तरी रांग लागते. मात्रा थोडीशी वाढवली आणि पातळी दुप्पट झाली असं होऊ शकतं. त्यातून फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो. मेंदूवर काम करतो तो उरलेला सुटा १० टक्के. नेहमीची तपासणी दोन्ही मिळून मोजते. समजा अहवाल आला १२. अपेक्षित मर्यादा १० ते २०, म्हणजे ‘नॉर्मल’. पण मुलाला व्हॅलप्रोएट चालू असेल तर ते फेनिटॉइनला प्रथिनावरून ढकलून देतं आणि त्याचे हमालही अडवतं. सुटा भाग १० टक्क्यांऐवजी २० टक्के झाला, तर १.२ च्या जागी २.४ मेंदूपर्यंत पोचतं, जे जास्त आहे. मूल डोळे फिरवतंय, चालताना पडतंय, आणि हातात नॉर्मल अहवाल! कुपोषित मुलात अल्ब्युमिनच कमी असतं, तिथेही हेच. अहवाल खोटा नसतो, अपुरा असतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, आधी मुलाला चालायला लावा, मग कागद वाचा.

इथपर्यंत फिटच्याच औषधांबद्दल बोलले. पण त्या रकान्यात बाकीचीही येतात, आणि हा भाग मेडिकलवाल्या मित्रांसाठी. कार्बामाझेपिनवरच्या मुलाला खोकला झाला, जवळच्या डॉक्टरांनी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, किंवा मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून घरच्यांनी परस्पर नेलं. दोन-चार दिवसांत मुलाला एकाचे दोन दिसतात, उलट्या होतात, तोल जातो. अँटिबायोटिकने कार्बामाझेपिनचे हमाल रोखलेले असतात. त्याच कुळातलं अ‍ॅझिथ्रोमायसिन हा उपद्व्याप सहसा करत नाही. तुम्ही गल्ल्यावरून एक प्रश्न विचारायचा: ‘मुलाला फिटचं काही चालू आहे का?’ टीबीच्या औषधांत तर दोन विरुद्ध पहिलवान एकाच आखाड्यात असतात. आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांची पातळी वाढवतं, रिफाम्पिसिन ती पाडतं. कोण वरचढ ठरेल ते त्या त्या मुलावर अवलंबून. अशा वेळी पातळी मोजून घेण्याला पर्याय नाही. आणि मोठ्या दवाखान्यात गंभीर जंतुसंसर्गासाठी देतात ते मेरोपेनेमचं इंजेक्शन: ते सुरू झालं की एक-दोन दिवसांत व्हॅलप्रोएटची पातळी कोसळते आणि मात्रा वाढवूनही भरून निघत नाही. अतिदक्षता विभागात मूल आधीच आजारी, त्यात थांबलेल्या फिट परत. भरती करताना आई-वडिलांनी फिटचं औषध पहिल्याच वाक्यात सांगायला हवं.

मग प्रश्न येतो की औषधं एकत्र द्यायचीच कशाला? बरोबर प्रश्न आहे. ग्लासगोचे पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी २००० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. आधी कोणतंही औषध न घेतलेले ४७० रुग्ण. त्यात ९ वर्षांच्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे. ४७ टक्क्यांच्या फिट पहिल्याच एका औषधाने थांबल्या. १४ टक्क्यांच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने, पण तेही एकेकटं. दोन औषधं मिळून थांबल्या त्या फक्त ३ टक्क्यांच्या. म्हणून आधी एक औषध, योग्य निवडलेलं आणि पुरेशा मात्रेत, ते हरलं तर बदलून दुसरं, जोडी त्यानंतर. माझं मत याहून थोडं कडक आहे. जोडी लावली आणि तीन-चार महिन्यांत फरक दिसला नाही, तर त्यातलं एक काढण्याची चर्चा डॉक्टरांशी आपणहून सुरू करावी. चढवलेलं औषध उतरवायला कोणी पुढे होत नाही, हे मी वर्षानुवर्षं त्या कागदांवर बघते.

पण काही मुलांना जोडीच हवी असते. फ्रान्सच्या शार्लोट ड्रॅव्हे यांनी १९७८ मध्ये वर्णन केलेला एक आजार आहे. वर्षाच्या आत तापासोबत लांबलेल्या फिट सुरू होतात आणि एकेकटी औषधं तिथे थिटी पडतात. कॅथरीन शिरॉन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अशा मुलांच्या चालू व्हॅलप्रोएट आणि क्लोबाझामला स्टिरिपेंटॉल जोडलं. २१ पैकी १५ मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या. नुसतं साधं चूर्ण मिळालेल्या २० पैकी एकाच्याच. यातला काही गुण स्टिरिपेंटॉलचा स्वतःचा आणि काही त्याने क्लोबाझामचे हमाल अडवल्यामुळे. म्हणजे जो परिणाम एरवी आपण टाळतो, तोच इथे हिशेबाने कामाला लावला. अर्थात क्लोबाझामची मात्रा कमी करायची तयारी ठेवूनच, नाहीतर मूल झोपूनच राहतं.

लेव्हेटिरासिटामबद्दल विचाराल. ते यकृताच्या भानगडीत फारसं पडत नाही, मूत्रपिंडातून जातं, म्हणून जोडीला सोयीचं. सगळ्यांना तेच का देत नाहीत? काही मुलं त्यावर चिडचिडी आणि मारकुटी होतात, आणि प्रत्येक प्रकारच्या फिटवर तेच सरस असतं असंही नाही.

शिक्षकांना एवढंच सांगते, की पहिल्यांदा बदल तुम्हाला दिसतो. मूल झोपतंय, अक्षर बिघडलंय, धावताना पडतंय, हे वहीत तारखेसह लिहून पालकांना द्या. ‘आळशी झालाय’ असा शेरा मारायच्या आधी औषध बदललं का ते विचारा. आणि फिट आलीच तर कुशीवर वळवा, वेळ मोजा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल बाजूला ठेवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या.

पालकांसाठी आणि आजी-आजोबांसाठी: कोणतंही औषध एकदम बंद करायचं नाही, त्रास होत असला तरी फोन आधी. एक छोटी वही करा. कोणतं औषध कोणत्या तारखेला सुरू झालं, मात्रा कधी बदलली, कोणतं बंद झालं, मधे सर्दी-तापाचं, टीबीचं, वैद्यांचं काय दिलं. पातळी तपासायची असेल तर रक्त शक्यतो सकाळचा डोस देण्याआधी द्या आणि गोळी सोबत घेऊन जा, रक्त दिल्यावर तिथेच द्यायला. मात्रा बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी तपासणीला धावू नका; किती दिवस थांबायचं ते औषधागणिक वेगळं, डॉक्टरांना विचारा. विषबाधेची शंका असेल तर मात्र थांबायचं नाही.

आमच्या त्या कागदाच्या पन्नास कोऱ्या प्रती बाहेर चहाच्या टेबलावर ठेवल्या आहेत, मराठीत. शेवटच्या रकान्याला मी तीनऐवजी दहा ओळी दिल्या आहेत. ज्याच्या ओळखीत असं मूल असेल त्याने दोन न्या, एक घरी आणि एक शाळेच्या दप्तरात.